निळं झाकण, लाल झाकण

९ मे

टाचणे,

आशीर्वाद. क्षेमकुशल विचारत बसत नाही. तुला काही झालं असतं तर तुझ्या आईने ओरडून आळी गोळा केली असती.

सोबत दोन बाटल्या पाठवल्यात. खोक्यावर 'सांभाळून' असं चारी बाजूंनी लिहिलंय, तरी आपटणारे आपटतीलच. निळ्या झाकणाची बाटली माझ्या तळ्यातली. लाल झाकणाची तुझ्या बापाच्या तळ्यातली. दोन्हींत माशांचे कल्ले आहेत, कापून, तू मागे दिलं होतंस त्या औषधात बुडवलेले. डोळ्यांत जातो त्याचा वास. तुम्ही लोक दिवसभर हुंगता कसं?

आता ऐक. गेल्या महिन्यात मी तुझ्या बापाकडून बोटुकली घेतली. बोटभर लांबीची पिल्लं, दिसायला झकास. माझ्या तळ्यात सोडली. पंधरवडा झाला नाही तोच माझे सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागले. एक धरून कल्ला उचलून बघितला. लाल असायला हवं तिथे पांढरट, शेंबडासारखं चिकट. मग मरायला लागले. रोज सकाळी काठाला पांढरी पोटं. आता तळ्यात नावाला मासे उरलेत.

मी तुझ्या बापाला म्हटलं, कीड तुझ्याकडनं आली. तो बांधावर कमरेवर हात ठेवून उभा. म्हणतो, "ताई, माझे मासे बघ की. ठणठणीत आहेत. कीड असती तर आधी माझे मेले नसते का?" मी म्हटलं, "तू लहानपणीही असाच होतास. गोवर तू घरात आणलास आणि अंथरुणाला मी खिळले."

त्याच्या तळ्याचं पाणी पाटातून माझ्याकडे उतरतं. पाटाच्या तोंडाशी पाणी अडवायची फळी आहे, ती मी खाली पाडून टाकली. आता त्याचा थेंब इकडे येत नाही आणि माझा शब्द तिकडे जात नाही.

तू मायक्रोस्कोपखाली माशांचे किडेच बघतेस ना? मग बघ. दोन्ही बाटल्यांत कीड एकच आहे की वेगळी, एवढंच सांग. एक किंवा दोन. तो तुझा बाप आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून तर तुला विचारते. दुसऱ्या कुणाला विचारलं तर तो म्हणेल, ताईने माणूस फोडला. फोन करू नकोस. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि बोललेलं माणूस नंतर फिरवतं. लिहून दे.

बीजाचे मासे तेवढे सुखरूप आहेत. ते वेगळे, सिमेंटच्या टाकीत, विहिरीच्या पाण्यावर. ती मोठी मादी, जिला आपण सासूबाई म्हणतो, ती अजून तशीच ओठ मुडपून बघते. हे आहेत तोवर मी पुन्हा अंडी काढीन, पिल्लं वाढवीन. हे गेले की माझं दुकान बंद, हे लक्षात ठेव.

आत्या


२ जून

आत्या,

नमस्कार. बाटल्या धड पोचल्या. एक किंवा दोन एवढंच सांग म्हणालीस, पण ते आज सांगता येणार नाही. रागावू नकोस, का ते लिहिते.

कीड दोन्ही बाटल्यांत आहे. तुझ्या बाटलीत खच्चून, बाबांच्या बाटलीत तुरळक. मिठाच्या कणाएवढी बारीक अळी. मागच्या टोकाला दोन वाकडे गळ असतात, अगदी मासे धरायच्या गळासारखे. ते कल्ल्यात रुतवून ती बसते. आमच्या मॅडम म्हणतात, माणसाच्या कितीतरी आधी हिने माशाला गळ लावलाय.

अशा अळ्यांच्या शेकडो जाती आहेत आणि वरवर सगळ्या सारख्या. अंगाच्या लांबीवर जाता येत नाही. औषधात पडली की अंग आखडतं, वरची काच जरा जोरात दाबली की लांबतं. म्हणून अंग सोडून द्यायचं आणि जे कडक आहे तेच मोजायचं. गळाची लांबी, टोकाचा बाक, दोन गळांना जोडणारी दांडी. एकेका अळीचं असं सगळं. माझी खोली तळघरात आहे, खिडकीला काळा कागद, स्टुलाचा एक पाय आखूड म्हणून खाली पुठ्ठा. मान वर केली की छत गरगरतं.

बाबांचा फोन आला होता. म्हणाले, "आत्याने तुला जज केलंय म्हणे." हसत होते, पण त्या हसण्यात जीव नव्हता. मी म्हटलं, मी फक्त मोजते. जरा धीर धर.

टाचणी


१० जून

टाचणे,

धीर माझ्याकडे कधी होता, की आता धरू?

पत्र दोनदा वाचलं. अंग खोटं, गळ खरा, एवढं समजलं. बाक आणि दांडी तुझ्याकडेच ठेव. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातलं निम्मं वर्गाबाहेर उभी राहून. मला निकाल हवा.

इकडे काय झालं ते तुझ्या आईने तिखटमीठ लावून कळवलंच असेल. परवा लिलावाच्या शेडमध्ये तुझा बाप बोटुकलीचे डबे मांडून बसला होता. गिऱ्हाईक वाकून बघत होतं. मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हटलं, "घ्या घ्या, मासे घ्या, वर कीड फुकट!" अख्खी शेड हसली. गिऱ्हाइकाने डबा खाली ठेवला. तेव्हापासून त्याला सगळे 'कीडवाला' म्हणतात. बर्फवाला म्हणतो, तराजूवाला म्हणतो. डबे जसे येतात तसे घरी जातात.

तुझी आई रस्त्यात भेटली, तोंड फिरवून गेली. फिरवलेलंच बरं दिसतं तिचं तोंड, पण ते असो.

आता तूच सांग, मला लवकर कळायला हवं की नको? खरं असेल तर मी बोलले ते थोडंच झालं. खोटं असेल तर ज्या शेडमध्ये बोलले तिथेच उभी राहून नाक घासीन. पण काय ते एकदा लिही.

आत्या


३० जून

आत्या,

निकाल लागला. दोन.

तुझ्या तळ्यातली कीड आणि बाबांच्या तळ्यातली कीड वेगवेगळ्या जातींच्या आहेत. आम्ही मायक्रॉनमध्ये मोजतो. केसाच्या जाडीचे सत्तर-ऐंशी भाग केले तर त्यातला एक, एवढं ते माप. निळ्या झाकणातल्यांचे गळ सगळे चाळीसच्या आत. लाल झाकणातल्यांचे सगळे पंचेचाळीसच्या वर. मधे एकही नाही. गळाची घडण दोघींची हुबेहूब, फरक फक्त मापात. पण तो इतका स्वच्छ आहे की मॅडमनी स्वतः पुन्हा मोजलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थाप मारणाऱ्यांतल्या नाहीत.

तेव्हा तुझे मासे मारणारी कीड बाबांच्या बोटुकलीबरोबर आलेली नाही. ती तुझ्याच तळ्यातली, आधीपासूनची असणार. बाबांच्याकडची जात निरुपद्रवी दिसते, त्यांचे मासे तर तू पाहतेसच. कृपा करून शेडमध्ये तसं सांग. आई फोनवर रडत होती.

आणि एक. तुझ्या तळ्यातली जात कुठल्याच पुस्तकात नाही. नवी आहे! मॅडम म्हणतात लेख लिहायचा, आणि नाव ठेवायचा मान माझा. मी तुझं नाव ठेवणार आहे. तळं मात्र एवढ्यात उपसू नकोस, मला आणखी नमुने लागतील.

तुझी टाचणी


११ जुलै

टाचणे,

किड्याला माझं नाव! हे तुला सुचलं की तुझ्या आईने सुचवलं? सासरची माणसं हयात असती तर म्हणाली असती, बरोब्बर ठेवलंय. ठेव, ठेव. मूल ना बाळ, माझ्या नावाचा किडा तरी मागे राहील.

एक शंका. घडण सारखी आणि माप वेगळं, म्हणून जात वेगळी? तुझा बाप ताडमाड, मी ही अशी पिंपासारखी. आई एक, नाक एक. मग आम्हीही दोन जाती का? जाऊ दे. तुझ्या मॅडमना माझ्याहून जास्त कळतं. तू लिहून दिलंस, माझं काम झालं.

शेडमध्ये गेले. लिलाव चालू असतानाच गेले, नंतर माणसं पांगतात. तोंडाशीच उभी राहून ओरडून सांगितलं, "माझ्या भावाच्या माशांत खोट नाही. घाण माझ्याच तळ्यात होती. मी खोटं बोलले." तराजूवाल्याने हात थांबवला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तुझा बाप डब्यांमागे बसलेला. मला वाटलं, उठेल, चार शिव्या देईल, मोकळा होईल. तो नुसता म्हणाला, "ताई, तिथे ऊन आहे. आत सावलीत ये." अख्ख्या जन्मात मी पहिल्यांदा त्याची माफी मागितली, आणि हा मला सावली दाखवतो.

तळं उपसून चुना टाकणार होते. तू थांब म्हणालीस म्हणून थांबले. जे चार मासे तगले ते आता खायला लागलेत. फळी अजून पाडलेलीच आहे, पण आता रागाने नाही, नुसती पाडलेली आहे.

आत्या


८ जानेवारी

टाचणे,

मागवलेली बाटली पाठवली. निळं झाकण, माझं तळं. पाणी इतकं गार की जाळं ओढताना बोटं माझीच आहेत की दुसऱ्या कुणाची, कळेना. मासे तळाशी गप्प बसलेत, पण मरत नाहीत. तुझ्या किड्यालाही थंडी वाजत असावी.

तुझा बाप हल्ली बांधावर येऊन बसतो. बोलत नाही फार. नव्या किड्याच्या बातमीत तुझा फोटो आलेलं तुमच्या संस्थेचं पत्रक त्याच्या शर्टाच्या खिशात, प्लास्टिकमध्ये घालून. बर्फवाल्याला दाखवून झालं, तराजूवाल्याला झालं, परवा विजेचं मीटर बघायला माणूस आला त्यालाही दाखवलं. त्यात माझं नाव आलंय ना, त्यावर बोट ठेवून म्हणतो, "ही माझी बहीण." म्हटलं, बहीण नव्हे, किडा म्हण.

विहीर यंदा लवकर उतरतेय. उन्हाळ्यात टाकीला पुरेल असं दिसत नाही. बघू.

आत्या


३० जानेवारी

आत्या,

बाटली मिळाली. एक विचारते, राग मानू नकोस. तुझ्याकडून झाकणं बदलली गेली का?

या निळ्या बाटलीतले गळ सगळे पंचेचाळीसच्या वर आहेत. म्हणजे ही बाबांच्या तळ्यातली कीड झाली. तुझ्या तळ्यातली, छोट्या गळाची, यात एकही नाही. असं होऊच शकत नाही. घाईत बाबांच्या तळ्यात जाळं टाकलं असशील, नाहीतर त्यांचा डबा उचलला असशील. तू घाई करतेस हे तूही मानशील. लेख पाठवायची तयारी झाली आहे आणि या एका बाटलीने सगळं अडलंय. नीट आठवून लिही ना.

टाचणी


६ फेब्रुवारी

टाचणे,

माझ्या तळ्याच्या ज्या कोपऱ्यात पंपाचा पाइप उतरतो तिथे गुडघाभर पाण्यात उभी राहून मी ते मासे धरले. तुझ्या बापाच्या तळ्याकडे माझी पाठ होती. बाटली मी धुतली, मी भरली, झाकण मी लावलं. मला ऐकू कमी येतं, चष्म्याचा नंबर वाढलाय, पण निळं कुठलं आणि लाल कुठलं ते अजून कळतं.

घाई करते म्हणे. तू अडली होतीस आईच्या पोटात, तेव्हा ही सगळी माणसं डॉक्टरला बोलवायचं की नाही यावर बोलत बसली होती. मी घाईने तुझ्या आईला टेम्पोत घातली. म्हणून तू आज मोजायला बसली आहेस.

माप पटत नसेल तर मापाला विचार. मला विचारू नकोस.

आत्या


१२ मार्च

टाचणे,

तू गप्प झालीस. मी रागाने लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. घ्यायचं तर घे, पण या पत्राचं उत्तर दे.

विहीर तळाला गेली. टाकीत हातभर पाणी उरलंय, वळताना सासूबाईची पाठ उघडी पडते. काल तुझा बाप आपणहून म्हणाला, "ताई, फळी उचल की. माझा झरा काही आटत नाही. घे पाणी टाकीत." वर्षभरात एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला माझ्याशी.

मला घ्यायचंय. पण बीजाचे मासे आहेत, हा पोरखेळ नाही. त्याच्या पाण्याबरोबर त्याची कीड टाकीत येणारच. टाकी उथळ, दिवसभर उन्हात. त्या किडीने माझे मासे मरणार नाहीत ना? ती वेगळी आहे, निरुपद्रवी आहे, हे पक्कं ना? हो म्हणालीस तर फळी उचलते. नाही म्हणालीस तर टँकर सांगते, महाग पडेल, पडू दे.

तुझं उत्तर येईपर्यंत फळीला हात लावत नाही.

आत्या


२० मार्च

आत्या,

हो. दोन वेगळ्या जाती आहेत, लेखही पाठवला आहे. फळी उचल, बाबांना बरं वाटेल. जानेवारीच्या बाटलीचं मनात ठेवू नकोस, ती मी बाजूला ठेवली आहे. इथे फार गडबड आहे, म्हणून एवढंच.

टाचणी


१४ मे

टाचणे,

बीजाचे मासे गेले. सगळे.

ऊन वाढलं तसे टाकीच्या कडेला येऊन आ वासायला लागले. कल्ला उचलला तर गेल्या वर्षीचंच, पांढरट आणि चिकट. मीठ टाकून पाहिलं, लाल औषध टाकून पाहिलं. एकेक करून आडवे झाले. सासूबाई शेवटपर्यंत टिकली. पाटाच्या धारेखाली तोंड धरून उभी असायची. परवा सकाळी बघते तर धार पाठीवर पडतेय आणि ती हलत नाही. ओठ तसेच मुडपलेले. मरतानाही माझं काहीतरी चुकलंय असंच तोंड.

माझंच चुकलं. तळ्यातलं जाळं कधीतरी टाकीत घातलं असेन, न धुता. तुझी ती माझ्या नावाची कीड त्यातून गेली असणार. तू म्हणतेस तशी मी घाई करते.

तुझ्या बापाने खड्डा खणला. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, "ताई, माझ्या पाण्यामुळे तर नाही ना झालं?" त्याचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "नाही रे. तुझी कीड वेगळी आहे, पोरीने मोजलंय." तेव्हा कुठे त्याने फावडं खाली ठेवलं.

शेडमध्येही सांगितलं, माझ्या निष्काळजीपणाने गेले. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

कल्ले कापून पाठवत नाही. आता काय बघायचंय त्यात?

आत्या


३ जुलै

आत्या,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. लगेच लिहायला हवं होतं, जमलं नाही.

एक बातमी आहे. लेख स्वीकारला गेला, तोही आधी ठरला होता त्याहून मोठ्या नियतकालिकात. परीक्षकांनी विचारलं होतं, की पाणी गार-गरम असल्याने गळ लहानमोठे होतात का, हे तपासलंत का? नशिबाने आमची तयारी होती. जानेवारीच्या बाटलीने माझं डोकं खाल्लं होतं, म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच मी दोन टब लावले होते, एक गार पाण्याचा, एक कोमट. दोन्हींत एकाच माशावरची कीड सोडली. गार टबात जी पिल्लं वाढली त्यांचे गळ मोठे, कोमट टबातल्यांचे छोटे. मार्च उजाडेपर्यंत मला दिसलं होतं. पण मॅडम म्हणाल्या, पुन्हा करून खात्री होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. इथे तीच पद्धत आहे.

त्यावरून लेख पुन्हा लिहिला. थोडक्यात, जात एकच. बाबांकडे झऱ्याचं गार पाणी, म्हणून गळ मोठे. तिथे ती फार वाढत नाही, म्हणून त्यांचे मासे सुखात. तुझ्याकडे उन्हात गळ छोटे राहतात आणि ती मात्र बेसुमार वाढते. नुसत्या मापावरून जाती ठरवणाऱ्या सगळ्यांना हा लेख विचार करायला लावेल, असं परीक्षकांनी लिहिलंय.

नवी जात नाही, त्यामुळे तुझं नाव लावता येणार नाही. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आभाराच्या ओळीत तुझा उल्लेख केला आहे.

बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस. मी येईन तेव्हा नीट समजावून सांगेन.

टाचणी


१५ जुलै

टाचणे,

नाव गेलं याचं वाईट वाटलं तुला. बरं.

तुझी पत्रं पंपाच्या खोलीत खिळ्याला टोचून ठेवलेली असतात. त्यातलं वीस मार्चचं काढून समोर ठेवलंय. टब तू फेब्रुवारीत लावलेस. मार्च उजाडताना तुला दिसलं. त्यानंतर मी विचारलं, पक्कं ना? आणि तू लिहिलंस, हो. फळी उचल, बाबांना बरं वाटेल. मी टँकर सांगायला तयार होते. खात्री नव्हती, तर खात्री नाही म्हणायचं. 'आत्या, थांब' एवढं लिहिलं असतंस तरी मी का म्हणून विचारलं नसतं. तळं उपसू नकोस म्हणालीस तेव्हा विचारलं होतं का?

आता पुढचं ऐक. तुझं पत्र आलं त्याच सकाळी तुझा बाप आला. जेवलेलं ताट जो उचलून ठेवत नाही, तो मोठा टब स्वतः उचलून आणत होता. मांडीपर्यंत भिजलेला, धाप लागलेली. टबात त्याच्या तळ्यातले निवडक नर-मादी. म्हणाला, "ताई, पुन्हा सुरू कर. हे घे. एक मादी बघ, अगदी सासूबाईसारखी तोंड करते." खरंच करत होती.

तुझं पत्र माझ्या हातात होतं.

मी म्हटलं, "परत ने." म्हणाला, "का?" तुझ्या पाण्यात कीड आहे म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, कोण म्हणतं? पोरगी म्हणते म्हटलं असतं तर विचारलं असतं, तिला कधी कळलं? तुझा बाप तारखा विचारणारा माणूस आहे. मोजायचं वेड तुला त्याच्याकडनंच आलंय. आणि ते पत्रक होतंच, भिजू नये म्हणून वरच्या खिशात सरकवलेलं.

म्हणून म्हटलं, "नकोत मला तुझे मासे. किडके असतील."

त्याने मग टब उचलला. अर्धं पाणी माझ्या दारात सांडलं. जाता जाता म्हणाला, "शेडमध्ये माफी मागितलीस तेव्हा वाटलं होतं, ताई बदलली." मी म्हटलं, "नाही बदलली."

गेल्या वर्षी खरं बोलले आणि तू खोटं ठरवलंस म्हणून माफी मागितली. यंदा पुन्हा तेच खरं बोलले, आणि आता माझ्या तोंडचं खरं कुणाला खरं वाटणार नाही. फळी पाडली आहे. वर दगड ठेवलाय.

तू येऊन त्याला समजावून सांगणार आहेस. सांगू नकोस. बोटुकली विकण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढत जा, एवढं फक्त सांग. नवी पद्धत आली आहे म्हण, तुझं ऐकेल. बाकी त्याच्याकडे मिरवायला तू एवढीच आहेस. वाईट बहिणीची त्याला सवय आहे.

आभाराच्या ओळीतून मला काढ. आणि कधी त्याने विचारलंच, की दोनाचं एक कसं झालं, तर सांग, आत्याने झाकणं बदलली होती. लगेच पटेल त्याला. मी घाई करते ना.

आत्या